टिकल्यांच्या डब्यातल्या गोळ्या
साड्यांना टिकल्या चिकटवायच्या गोंदाचा वास आला की नव्वदच्या दशकातली सुरतची आमची खोली आठवते. संधिवाताने आईची बोटं सुजायची. डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा, रविवारी, एक पिवळी गोळी घ्यायला सांगितली. मी नुकतीच इंग्रजी वाचायला शिकले होते, म्हणून ऐटीत औषधाचा कागद वाचून दाखवला. त्यात कॅन्सर हा शब्द होता. तेच औषध मोठ्या मात्रेत कॅन्सरवरही देतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. "माले काय कॅन्सर शे का?" एवढंच म्हणून आई पुन्हा टिकल्या लावू लागली. पुढे डॉक्टरांनी विचारलं की म्हणायची, "घेते ना." गोळ्या मला टिकल्यांच्या डब्यात सापडल्या. मी झाकण लावलं, कुणाला सांगितलं नाही. तिची बोटं वाकली ती वाकलीच. आता माझी सुजलीत. आज रविवार, तीच गोळी तळहातावर आहे. कागद मी उघडलेला नाही.