बुडाशी तरणं

बाळांनो, तुमच्या आजोबांनी लावलेला साग आपल्या भिवपुरीच्या घरावर कलला, तेव्हा तो तोडायचं ठरलं. त्याचं पोर तरी राहावं म्हणून मी शेंड्याच्या बारा फांद्या कुंड्यांत लावल्या, प्रत्येकीवर तारखेची चिठ्ठी. साऱ्या वाळल्या.

झाड तोडायला आलेला माणूस तळहातावर थुंकला आणि चिठ्ठ्या बघून हसला. "बारसं झालं, पोरं कुठं हायत?" मग बुंध्यावर थाप मारून म्हणाला, "आजी, झाड शेंड्याला म्हातारं होतं, बुडाशी तरणंच राहतं. बुडखा ठेवतो. त्याला फुटंल तो कोंब लावा."

"माझं उलटं आहे," मी म्हणाले. "गुडघे म्हातारे, डोकं तरणं."

"मंग फांद्या कशाला लावल्या? डोकं लावायचं की!"

बुडख्याच्या कोंबाने मूळ धरलं. चिठ्ठीवर त्या माणसाचं नाव लिहायला बसले, तर ते विचारलंच नव्हतं.