मथुराबाईचा राहिलेला नाच

बोरी अरबच्या बौद्धवस्तीत १९५९ साली निवाडे करण्याचा सगळ्यात जास्त हुरूप कोणाला असेल, तर तो मथुराबाईला. वय पन्नाशीच्या आसपास, आवाज वखराचे बैल जागच्या जागी थांबवील असा, आणि मत विचारण्याआधीच तयार. शेजारणीच्या कोंबडीनं कोणाच्या अंगणात अंडं घालावं इथपासून नव्या सुनेनं भाकरी कशी थापावी इथपर्यंत तिचा निकाल लागलेला असे. वाईट एवढंच, की तिचे निकाल बहुतेक वेळा बरोबर निघत. त्यामुळे लोक जास्तच चिडत.

अडीच वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला ती पांढरं लुगडं नेसून, नवरा उकंडा याच्यासोबत नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली होती. आल्या आल्या तिनं अंगणात उभं राहून सांगून टाकलं, "आता मी नवी मथुरा." आणि ती झालीही नवी. घरातले देव गेले, देवापुढचं कोंबडं गेलं. दुसऱ्यांच्या लग्नात दाराबाहेर वाजवणं-नाचणं वस्तीनं ठराव करून सोडलं, आणि उकंडाची हलगी आढ्याला टांगली गेली. श्रावण गुरुजी दुपारी बायांचा वर्ग घेऊ लागले, तेव्हा पाटीवर पहिलं नाव मथुराबाईनंच काढलं. त्यातला 'म' एवढा मोठा आला, की 'थुरा'ला जागाच उरली नाही.

एका दुपारी पुस्तकातले धडे संपले, म्हणून गुरुजींनी जुनी गोष्ट सांगितली. एका कुंभारानं एका म्हातारीला घागर घडवून द्यायचं कबूल केलं. दुसऱ्याच दिवशी हत्तीनं त्याच्या गळ्यात माळ घातली आणि तो राजा झाला. म्हातारी वाड्याच्या दाराशी येऊन घागर मागू लागली. राजा म्हणाला, "शब्द कुंभारानं दिला होता. कुंभार आता राहिला कुठं?"

"सांगा," गुरुजी म्हणाले, "घागर कोणी द्यायची?"

"राजानं!" मथुराबाईनं जमिनीवर थाप मारली. "मुकुट खुटीले टांगावा आन मुकाट्यानं चाकावर बसावं! हत्तीनं माळ घातली म्हून काय जीभ बदलली त्याची?"

बाया खूश झाल्या. राजाला असा दम भरलेला त्यांनी कधी ऐकला नव्हता.

तिसऱ्या दिवशी बंजाऱ्यांच्या तांड्यावरची धनीबाई आली. कोपरापर्यंतच्या बांगड्यांमुळे ती दिसण्याआधी ऐकू येई. दोघी वर्षानुवर्षं एका शेतात कापूस वेचायला जात. बाकीच्या बाया मथुराबाईच्या ओंजळीत वरून पाणी ओतायच्या. सात वर्षांपूर्वी एका दुपारी धनीबाईनं लोटाच तिच्या हातात दिला, आणि ती पाणी प्याल्यावर तोच लोटा न विसळता आपल्या तोंडाला लावला. मथुराबाई एवढी हरखली, की कापसाची ओटी सांभाळत भर शेतात ओरडली, "धने, तुह्या मानीच्या लग्नात मी असी नाचीन, असी नाचीन, का नवरदेव नवरीले सोडून मलेच पाह्यन!" मानी तेव्हा अकरा वर्षांची होती.

"आव भेन," धनीबाई आता दारातूनच म्हणाली, "मह्या मानीचं लगन ठरलं. येत्या बुधवारी. नाचा लागते तुले!"

मथुराबाईचा एक पाय जमिनीवरून उचललासुद्धा गेला. पण तेवढ्यात तिला ठराव आठवला, पाटीवरचा 'म' आठवला, पांढरं लुगडं आठवलं. पाय खाली आला.

"लग्नाले येतो मी. पन नाचाचं थे... थे जुन्या मथुरानं म्हनलं होतं, धने. मी आता नवी हाय."

धनीबाईनं उंबऱ्यावरचा पाय मागं घेतला.

"बरं," धनीबाई म्हणाली. "मंग मह्या लोट्यातून पाणी कोण पेलं होतं? जुनी का नवी?"

चहा चुलीवर तसाच राहिला आणि धनीबाई निघून गेली.

घरात उकंडा पडल्या पडल्या सगळं ऐकत होता. संध्याकाळी बायकोनं नेहमीप्रमाणे न्हाणीच्या कुडाची आठवण करून दिली. आंघोळीला आडोसा करून देतो, असं तो नऊ वर्षं म्हणत आला होता. आज मात्र त्याचा चेहरा उजळला.

"थे वचन? थे जुन्या उकंडानं देल्लं होतं वं. भला मानूस होता बिचारा. आता कुठी भेटते थो!"

झालं. ही युक्ती दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर पोचली. शेजारच्या रुखमाबाईनं पोळ्याला नेलेली चाळणी एका बाईनं परत मागताच रुखमाबाई डोळे मोठे करून म्हणाली, "मी? जुन्या रुखमानं नेली असन." गोविंदानं सासऱ्याला दरसाल आंबे पोचवायचं कबूल केलं होतं, ते त्यानं जुन्या जावयावर ढकललं. चार दिवसांत वस्ती इतकी नवी झाली, की कोणी कोणाला ओळखही दाखवेना.

मंगळवारी वर्गात रुखमाबाईनंच तोंड उघडलं.

"काहून वं मथुरा, राजाले तं तू मुकुट उतरवून चाकावर बसवलं होतं. तुहा मुकुट कोणं खिळ्यानं ठोकला का?"

वर्ग हसून हसून आडवा झाला. एका बाईची पाटी दुसरीच्या पाठीवर आपटली. मथुराबाईजवळ निकाल नाही, असं वस्तीत पहिल्यांदाच घडत होतं. वर्ग सुटला तरी ती उठली नाही.

"गुरुजी, त्या राजानं मंग केलं काय?"

"गोष्ट तिथंच संपते, काकू. म्हातारी दाराशी उभी."

"अर्धी गोष्ट सांगता मले? या वयात?"

"आमच्या आजीनं एवढीच सांगितली होती."

मथुराबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "आन मी नाचलो, तं ठराव मोडते का?"

गुरुजींनी खडूचे हात झटकले. "ठराव कशाचा होता, काकू? दाराबाहेर उभं राहून दुसऱ्यांसाठी नाचायचं नाही आणि उरलंसुरलं पदरात घ्यायचं नाही. धनीबाईंनी तुम्हाला कुठं उभं राहा म्हटलं?"

"थे तं मी इचारलंच नाई," मथुराबाई म्हणाली, आणि आपल्याच कपाळावर हात मारून घेतला.

बुधवारी दिवस कलताना ती तांड्याच्या तोंडाशी पोचली. धनीबाईनं दुरून पाहिलं, पण पुढं आली नाही.

"धने!" मथुराबाई तिथूनच गरजली. सगळा मांडव वळला. "जुनी बी मीच आन नवी बी मीच! पाणी मीच पेलं! पन मी बाहेर नाई नाचणार. मांडवात नाचीन, तुहा हात धरून नाचीन, आन आंधी पंगतीत बसून जेवीन. चालते का सांग!"

तांड्याचे नायक खेमसिंग खाकरले. "धनीबाई, पाहुणी कोणाकडची?"

"मह्याकडची, नायक," धनीबाई म्हणाली. "आमचा लोटा एक हाय." मग ती बांगड्या वाजवत धावत आली आणि मथुराबाईच्या दंडाला धरून तिला ओढत म्हणाली, "बाहेर नाच म्हून तुले कोणं म्हनलं होतं, येडे? चार दिवस झाले, मह्या पोटात अन्नाचा घास नाई!"

दोघी एका पंगतीत जेवल्या. मग तांड्याच्या बायांनी गोल धरला, आणि आजवर कोणालाच न सुचलेली अडचण पुढं आली. मथुराबाईला नाचता येत नव्हतं. वस्तीत वाजवायचे आणि नाचायचे ते पुरुष. तिनं सात वर्षांपूर्वी शब्द दिला तो नुसत्या आनंदाच्या भरात.

तरी ती नाचली. बाया उजवीकडे जात, ही डावीकडे. घागऱ्यांचा घेर हिच्या लुगड्यात अडके. ती इतक्या जोरानं उलटी फिरली, की थोड्या वेळानं अख्खा गोलच तिच्या दिशेनं फिरू लागला. मानी नवरी असून तोंडावरची ओढणी बाजूला सारून खिदळू लागली, आणि नवरदेव खरोखरच नवरीला सोडून मथुराबाईकडे पाहत राहिला. खेमसिंग नायकांना हसू आवरेना, तेव्हा त्यांनी पागोट्याचं टोक तोंडात कोंबलं. बायकोला न्यायला आलेला उकंडा मांडवाच्या खांबाशी उभा राहून आधी लाजला, मग बोटांनी खांबावर ताल धरू लागला. शेवटी तोही आत शिरला आणि बायकोहून वाईट नाचला.

"आवो, पाय तुडवता कायले?" मथुराबाई ओरडली.

"जुन्या उकंडानं तुडवला!"

"मंग न्हाणीचा कुड नवा उकंडा बांधन उद्या!"

दुसऱ्या दिवशी उकंडानं खरंच कुड उभा केला. तो एका अंगाला इतका कलला, की आंघोळ करणाऱ्यालाही तिरपं उभं राहावं लागे. रुखमाबाईनं चाळणी आणून दिली, आणि गोविंदा आंब्याची टोपली डोक्यावर घेऊन सासुरवाडीला गेला.

दुपारी वर्ग भरताच मथुराबाई उठून उभी राहिली.

"गुरुजी, गोष्ट संपवतो मी. राजा चाकावर बसला. हात इसरले होते त्याचे. घागर वाकडी झाली."

"आणि म्हातारी?"

"म्हातारीनं घेतली. तिले पाणीच भरायचं होतं."

मग ती खाली बसली, पाटी मांडीवर घेतली आणि आपलं नाव पुन्हा काढलं. या वेळी 'म' लहान होता. पाटीवर उरलेल्या जागेत तिनं, गुरुजींना न विचारता, 'धनी' लिहिलं.