मिस्त्रींचं पाणी

"पाणी पाजलं का?" वर्कशॉपात पाय ठेवता ठेवता मिस्त्री विचारायचे. कोणी नवी छिन्नी दाखवली तरी हेच, कोणाकडे जावई आला तरी हेच. तापलेलं लोखंड पाण्यात बुडवलं की कडक होतं; त्याला ते पाणी पाजणं म्हणत.

त्या हंगामात आमच्या घरी नुसती भाकर आणि तिखट होतं. आई पुलगावकडच्या जिनिंगमध्ये कापूस निवडायची. तिथला मोठा शाफ्ट बेअरिंगच्या जागी झिजला, मशीन बंद पडली, बायकांना घरी बसवलं. तो शाफ्ट आमच्याच वर्कशॉपात आला. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. नव्या डायोड लेझरवर मलाच बसवलं होतं.

मी मिस्त्रींना समजावलं. आत नखाहून लहान चिपा आहेत. वीज दिली की प्रत्येक चिप आपापला उजेड देते. तो सगळा काचेच्या एका बारीक तारेत गोळा करायचा आणि भिंगाने एका ठिपक्यावर आणायचा. डोळ्यांना तो दिसत नाही, पण पडतो तिथे धातूची भुकटी वितळते आणि झिजलेली जागा भरून येते.

"म्हंजे दिवाळी हाय, पण दिवे दिसत नाई," ते म्हणाले.

आधी एका लहान सळईवर करून पाहिलं. चिपा तापू नयेत म्हणून मशीनच्या नळ्यांतून पाणी फिरत असतं. काम थांबल्यावर वहीत लिहिता लिहिता मी म्हटलं, "काका, पाणी चालू ठेवा."

ते पाण्याचा गडवा घेऊन आले आणि गरम सळईवर धार सोडली. टक्. केसाएवढी चीर.

मला आईचे रिकामे हात दिसले. मिस्त्री बराच वेळ चिरेवरून नख फिरवत राहिले.

"तुह्यं पाणी एक, माह्यं एक. सांगाचं होतं नं, पोरी."

खरंच, सांगायला हवं होतं.

शाफ्टच्या दिवशी गडवा त्यांनी स्वतःच खिडकीत नेऊन ठेवला. गडद काचेआडून आम्ही दोघं पाहत होतो. शाफ्ट सावकाश फिरत होता, त्यावर एक इवलासा सूर्य सरकत होता, आणि भरदुपारी सगळं वर्कशॉप तळ्याच्या तळाशी असल्यासारखं शांत होतं. सूर्य पुढे गेला की मागचं लगेच विझे. मशीन थांबल्यावर मिस्त्रींनी भरलेल्या जागेपासून हातभर दूर शाफ्टला उलटा हात टेकवला. थंडगार.

"यानं त आपल्याच अंगातलं पाणी पेलं," ते हळूच म्हणाले.

ठिपक्याची उष्णता शाफ्टच्या थंड लोखंडानेच ओढून घेतली, पाण्याशिवायच वरचा थर कडक झाला; कॉलेजात हीच गोष्ट मी पानभर लिहिली होती.

मिस्त्री आता नाहीत. गडवा खिडकीतच आहे, भरून ठेवते; चिमण्या पितात. तो शाफ्ट अजून फिरतो. आई चौथ्या दिवशी कामावर गेली.