टंचाईतली पावडर आणि एक निनावी फोन

कॅनडातल्या कोक्विटलामच्या त्या दुकानासमोरून जायची वेळ आली की मी आजही गाडी मागच्या रस्त्याने काढतो. बायकोला कारण माहीत आहे. त्या दुकानाच्या कोठाराला सील मी माझ्या हाताने लावलं होतं. पोलिसातून निवृत्त होऊन वर्षं झाली, गुन्हेगारांचे चेहरे आता धूसर झाले, पण त्या दुकानदाराचा चेहरा लख्ख आठवतो. तो गुन्हेगार नव्हता.

दोन हजार पंधरा-सोळाचा तो काळ. पिस्तुलाने नेमबाजी करणाऱ्या मंडळींना तेव्हा बंदुकीची दारू मिळेना. तिला ते सगळे सरळ पावडरच म्हणतात. ही मंडळी काडतुसं घरीच भरतात. झाडलेल्या काडतुसाची पितळी नळी जपून ठेवायची, तिच्यात नवी पावडर घालायची, वर नवी गोळी बसवायची. छंद कायदेशीर आहे, लायसन्सची माणसं करतात आणि स्वस्तही पडतो. पण पावडर एक नसते. एक भसकन जळते, दुसरी जरा दमाने. प्रत्येकीचं माप वेगळं, आणि ते कंपनीच्या पुस्तकात बघूनच घ्यायचं. सीमेपलीकडे अमेरिकेत लोकांनी घाबरून साठे केले आणि इकडची शेल्फं रिकामी झाली. नेहमीची पावडर नाही तर कुठली चालेल, कोणाकडे आहे, एवढीच चर्चा क्लबात चालायची. आमच्या भागात पावडर ठेवणारं दुकान एकच. दुकानदार माणशी एक बाटली द्यायचा आणि दुसरी मागणाऱ्यावर खेकसायचा.

एका शनिवारी सकाळी क्लबच्या रेंजवर एका सुताराच्या हातात पिस्तूल फुटलं. साठीचा माणूस, लोकांच्या स्वयंपाकघरातली कपाटं करायचा. चष्म्यामुळे डोळे वाचले. उजव्या हाताची तर्जनी गेली आणि अंगठा निकामी झाला. सुताराचा उजवा हात गेला म्हणजे काय गेलं, ते मी वेगळं सांगायला नको.

पंचनामा मी केला. त्याच्या घरून पावडरची बाटली जप्त केली. तिच्यावर त्या दुकानाचा स्टिकर होता. सुताराची वहीसुद्धा पाहिली. प्रत्येक काडतुसाचं माप, तारीख, शेरा, सगळं मोत्यासारख्या अक्षरात. लेबलवर जी पावडर लिहिली होती तिचं माप त्याने पुस्तकाबरहुकूम घेतलं होतं. हा माणूस चुकला नव्हता. मग चूक बाटलीतच असणार. बाटली मी लॅबला पाठवली.

मंगळवारी स्टेशनला फोन आला. खालच्या डेस्कने तो माझ्याकडे जोडून दिला. पलीकडचा माणूस नाव सांगायला तयार नव्हता. इंग्रजी शुद्ध, पण वळण आपल्याकडचं. माझे वडील बोलायचे तसं, सावकाश, प्रत्येक शब्द पुरा. तो म्हणाला, "त्या दुकानात मागच्या खोलीत बाटल्या पुन्हा भरतात. महागड्या पावडरच्या बाटलीत मिळेल ती घालतात. टंचाईचा फायदा घेताहेत. मी पाहिलं आहे." मी आभार मानले आणि फोन ठेवला.

तुम्ही म्हणाल, एवढंच? हो, एवढंच. कधी पाहिलं, कुठे उभा राहून पाहिलं, मागच्या खोलीत तुम्हाला कोणी जाऊ दिलं, हे प्रश्न शिकाऊ कॉन्स्टेबलही विचारतो. नोकरीत वीस वर्षं काढलेल्या मला ते सुचले नाहीत. मनात एकच आलं की हा आपल्यातला कोणी शिकलासवरलेला, वयस्कर माणूस आहे आणि असा माणूस उगाच पोलिसांना फोन करत नाही.

वॉरंट घेऊन मी दुकानात गेलो. मागच्या खोलीतल्या कोठाराला सील ठोकलं. पावडर विकण्याचं दुकानदाराचं लायसन्स स्थगित झालं आणि पुढची सुनावणी तीन आठवड्यांनी ठरली. लायसन्स गेलं असतं तर दुकानच गेलं असतं, कारण लोक पावडरसाठी यायचे आणि बाकीचं सामान जाता जाता घ्यायचे. दुकान त्याच्या आजोबांनी काढलेलं. दोन दिवस मी त्याला स्टेशनला बोलावून प्रश्न विचारले. उत्तरं एकेका वाक्यात मिळाली. "मी बाटली उघडत नाही." "माझं रजिस्टर वाच." "परत सांगतो, मी बाटली उघडत नाही." खरं सांगायचं तर तो मला पहिल्या दिवसापासून आवडला नव्हता. माझं नाव त्याने तीनदा विचारलं आणि तीनदा चुकीचं उच्चारलं. त्याचा तुसडेपणा मी गुन्ह्याच्या खात्यात टाकला.

लॅबचा रिपोर्ट आला. लेबल दमाने जळणाऱ्या पावडरचं, आत झपाट्याने जळणारी. दमाच्या मापाने ती भरली की पिस्तूल फुटणारच. स्टेशनात लोकांनी माझी पाठ थोपटली. मी ती थोपटू दिली.

पण सरकारी वकीलबाई कडक होत्या. त्या म्हणाल्या, "हा माणूस बाटल्या भरत असेल तर एकच बाटली कशी? बाकीच्या आण." मी आणि माझी जोडीदार, एक तरुण कॉन्स्टेबल, दारोदार फिरलो. शेजारच्या बर्नाबी शहरापर्यंतच्या गिऱ्हाइकांकडून त्या दुकानातल्या अकरा बाटल्या गोळा केल्या. कोठारातल्याही तपासल्या. सगळ्या चोख. जे लेबलवर तेच आत. सुनावणीला आठ दिवस उरले होते.

त्या संध्याकाळी मी जेवलो नाही. केस उलटी वाचायला घेतली. अकरा जणांनी बाटली दुकानातून स्वतः आणली होती. सुताराने? त्याच्या जबाबात फक्त "बाटली त्या दुकानातली" एवढंच होतं. कोणी आणली, ते मी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेलो. हाताला बँडेज, समोर न उघडलेलं वर्तमानपत्र. मी सरळ विचारलं, "बाटली तू विकत घेतलीस का?" त्याने वर्तमानपत्र बाजूला सारलं. मग म्हणाला, "मित्राने दिली. माझी संपली होती, दुकानात नव्हती. त्याच्याकडे होती. पावडर एकमेकांना द्यायची नाही असा क्लबचा नियम आहे. त्याला का अडकवू? घेतली तर त्याच दुकानातून होती ना?" मित्राचं नाव सांगायला त्याने आणखी अर्धा तास घेतला.

नाव ऐकलं आणि मी पेन खाली ठेवलं. ते आमचे काका होते. सख्खे नव्हेत, पण माझ्या वडिलांच्या बरोबरीने सत्तरच्या दशकात इकडे आलेले, वीज कंपनीतून निवृत्त झालेले इंजिनियर. माझ्या लग्नात अंतरपाट धरायला उभे होते. मी तडक साहेबांकडे गेलो आणि ओळख आहे म्हणून सांगितलं. साहेब म्हणाले, "चौकशी तुझी जोडीदार करेल. तू सोबत जा, रेकॉर्डर चालू ठेवा आणि त्यांच्या भाषेत बोलू नकोस."

काकूंनी दार उघडलं. मी पोलीस म्हणून आलोय हे त्यांच्या गावीही नव्हतं. "अरे ये ये, बूट राहू दे. हिला चहा चालतो ना? की कॉफी करू?" जोडीदाराने कॉफी सांगितली आणि मदत म्हणून ओट्यावरचा कॉफीचा डबा पुढे केला. "नो नो, त्यात मेथी आहे," काकू हसल्या. "कॉफी बिस्किटांच्या टिनमध्ये. साखर त्या प्रोटीन पावडरच्या डब्यात. आमच्याकडे लेबल वाचून काही शोधू नकोस बाई, उपाशी राहशील." आमच्याही घरी तेच. आईस्क्रीमच्या डब्यात इडलीचं पीठ निघतं. डबा फेकायचा नाही आणि कशात काय आहे ते घरच्यांना पाठ असतं. बाहेरच्याला ते कळायला मार्ग नसतो. जोडीदार तो डबा हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. तिला काही सांगावं लागलं नाही.

काका बाहेर आले. तिने त्यांना हक्क वाचून दाखवले, वकील हवा का ते विचारलं, बेसमेंट बघायची लेखी परवानगी घेतली. काका सही करताना म्हणाले, "अरे, हे काय नवीन?" मी म्हटलं, "काका, इंग्रजीत बोला. रेकॉर्ड होतंय." हे वाक्य मला फार जड गेलं.

खाली काडतुसं भरायचं टेबल होतं. आरशासारखं स्वच्छ. शेल्फवर एक सीलबंद बाटली, आणि तिच्या शेजारी धुळीत पाच गोल डाग. बाकीच्या बाटल्यांचं जोडीदाराने विचारलं. काका म्हणाले, संपल्या. तेवढ्यात वरून काकूंचा आवाज आला, "अहो, त्या गुलाबाच्या वाफ्यात ओतल्यात ना? खत आहे म्हणालात, म्हणून मी परत घातलं नाही यंदा." 

स्टेशनला तासभर ते जोडीदाराला पावडरवर व्याख्यान देत होते. कुठल्या पावडरचे कण चपटे, कुठल्या गोल, टंचाईत निवड कशी करावी. प्रश्न आला की आणखी एक व्याख्यान. मी भिंतीला टेकून ऐकत होतो. शेवटी साहेबांची परवानगी घेऊन मी एवढंच म्हणालो, "गुरुवारी त्या दुकानदाराची सुनावणी आहे. त्याचं लायसन्स जाणार. त्यानंतर तुम्ही बोललात तरी मी ते परत आणू शकेन असं नाही."

मग काका सांगायला लागले. टंचाईत मिळेल ती पावडर मोठ्या डब्यात घेतली होती आणि सोयीसाठी जुन्या रिकाम्या बाटल्यांत भरून ठेवली होती. खुणेला झाकणावर रबरबँड. दोन रबरबँड म्हणजे झपाट्याची. "मला माहीत होतं ना, कशात काय आहे." मित्राने मागितली तेव्हा घाईत बाटली दिली आणि खूण सांगायची राहिली. रबरबँड वाटेत कधीतरी निघाले असावेत. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी त्यांनी शेल्फ पाहिलं आणि चुकीची बाटली दिल्याचं लक्षात आलं.

"दॅट वॉज अ मिस्टेक," ते म्हणाले. "पण फोन मिस्टेक नव्हता. फोन मीच केला."

जोडीदाराने माझ्याकडे पाहिलं. फोन त्यांचा असेल अशी मला शंकाही आली नव्हती.

मग काका मराठीत बोलले आणि मी त्यांना थांबवलं नाही. "तुझा आवाज ओळखला मी. ठेवून देणार होतो. पण तू काही विचारलंच नाहीस. मला वाटलं, तूही मला ओळखलंस आणि सांभाळून घेतोयस."

मी त्यांना ओळखलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. पण माणूस नाही ओळखला तरी जात ओळखली होती. जन्माची नव्हे, शिकलेल्या, सभ्य, आपल्या वळणाच्या माणसाची. तिला मी मनातल्या मनात जामीन देऊन टाकला होता. आणि ज्याला माझं नाव उच्चारता येत नव्हतं त्याच्या आजोबांच्या दुकानाला कुलूप घातलं होतं. मला त्या खोलीत माझी लाज वाटली, काकांपेक्षा जास्त.

तो जबाब त्याच दुपारी मी सुनावणीच्या अधिकाऱ्यांकडे पोचवला. दुकानाचं लायसन्स वाचलं. काकांवर खोटी माहिती देऊन पोलिसांची दिशाभूल केल्याचा आणि निष्काळजीपणाचा खटला चालला. त्यांनी गुन्हा कबूल केला, पिस्तुलं जमा केली. वय आणि कबुली बघून कोर्टाने तुरुंगात पाठवलं नाही. सुतार त्यांच्याशी पुन्हा बोलला नाही, आणि मी त्याला दोष देत नाही. आपल्या मराठी मंडळात मात्र काही लोकांनी मलाच नावं ठेवली. घरचं माणूस कोर्टात उभं केलं, म्हणे. त्यांना मी एकच सांगितलं: सुताराचं बोटही कोणाच्या तरी घरचंच होतं.

पुढे निवृत्त होईपर्यंत कुठलीही खबर आली की मी आधी खबर देणाऱ्याला प्रश्न विचारायचो, आरोपीला नंतर. गोड बोलणाऱ्याला चार जास्त. तरुण अधिकाऱ्यांना शिकवतानाही हेच सांगितलं, पण ते मी कुठे शिकलो हे सांगितलं नाही. आज सांगतो.

सुनावणीच्या दुसऱ्या दिवशी सील काढायला मी एकटाच गेलो. खरं तर कोणा शिपायाला पाठवता आलं असतं. दुकानदार हाताची घडी घालून मागे उभा होता. सील काढून मी वळलो आणि म्हणालो, "माझी चूक झाली. माफी मागायला आलोय."

तो म्हणाला, "मला तू दोन दिवस प्रश्न विचारलेस. ज्याने फोन केला त्याला किती विचारलेस?"

"एकही नाही," मी म्हणालो.

त्याने मान हलवली, माझं नाव पहिल्यांदाच बरोबर उच्चारलं, आणि दाराकडे बोट केलं.