माझ्या घरातला डॉक्टर

नाशिकच्या आरोग्य कार्यालयात माझ्याकडे एक काम होतं, जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सुरगाण्याच्या डोंगरात, डॉक्टर पाठवायचं. पाठवणं सोपं, टिकवणं अवघड. कुणाची आई आजारी पडायची, कुणाला पुढचं शिक्षण आठवायचं. मी क्वार्टरची गळती काढून घ्यायचे, पाण्याची सोय करायचे, आणि चार-सहा महिन्यांनी खुर्ची पुन्हा रिकामी.

गुजरातच्या हद्दीजवळच्या एका केंद्रात अशीच एकदा गेले होते. बायका व्हरांड्यात बसलेल्या. त्यांतल्या एकीची सून बाळंतपणासाठी नेताना जीपमध्येच गेली होती. ती सासू शांतपणे म्हणाली, "बाई, तुमच्या घरातला डॉक्टर असता, तर इथं धाडला असता का?"

"धाडीन," मी म्हणाले.

माझ्या बहिणीचा मुलगा तेव्हा नुकताच डॉक्टर झाला होता. बहीण दिंडोरीला, द्राक्षाच्या बागेत गुंतलेली. मुलगा अकरावीपासून आमच्याकडेच राहिला. त्याच्या परीक्षांच्या काळात घरातला टीव्ही मी बंद ठेवला होता. मी त्याला सगळं सांगितलं, जबरदस्ती केली नाही. तो म्हणाला, "मावशी, तू म्हणतेस ना, मग जातो. दोन वर्षं काढीन."

त्याला सोडायला आम्ही दोघं नवरा-बायको गेलो. गावाने अंगण सारवून ठेवलं होतं, नागलीच्या भाकरी आणल्या होत्या. ती सासू त्याच्याकडे नुसती बघत राहिली. परतताना घाटात माझे यजमान काहीच बोलले नाहीत. मला वाटलं, त्यांनाही भरून आलंय.

महिना झाला असेल. तिथल्या नर्सताईंचा फोन आला, की सर गादी आणि पंखा घेऊन गेलेत, परत कधी येणार? मला वाटलं, काहीतरी गैरसमज आहे. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला विचारलं, तर तो गोंधळला. भाच्याला नाशिक शहरातल्या दवाखान्यात प्रतिनियुक्ती मिळाली होती. "तुमच्या मिस्टरांनीच वरती शब्द टाकला होता, मॅडम. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

घरी आले तेव्हा भाचा आणि यजमान चहा घेत होते. मी विचारलं. यजमानांनी कप खाली ठेवला. बहिणीशी बोलून सगळं आधीच ठरलं होतं, असं ते म्हणाले. आधी रुजू व्हायचं, मग इकडे आणायचं. मला सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं, म्हणे.

म्हणजे घाटातलं ते गप्प बसणं वेगळंच होतं.

भाचा मान खाली घालून म्हणाला, "मावशी, रुजू तर झालो ना. तुझा शब्द राहिला."

मी उठून आत गेले. भांडले नाही. भांडायला समोर कुणी परकं लागतं.

वरिष्ठांकडे जाऊन मी ती प्रतिनियुक्ती रद्द करा म्हणाले. ते हसले, घरचं भांडण ऑफिसात कशाला आणता म्हणाले. खरी अडचण पुढेच होती. भाच्याचा पगार अजून त्या केंद्रावरच निघत असल्याने कागदावर जागा भरलेली दिसायची. दुसरा डॉक्टर मागताच येईना.

रविवारी एसटीने गावात गेले. त्या सासूला सांगितलं, की माझ्या माणसांनी मला फसवलं. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. मग विचारलं, "आता कोण येईल?"



मी वर्षभर त्या एका जागेमागे लागले. शेवटी भाच्याची शहरातच कायमची बदली झाली आणि ती खुर्ची कागदावरही रिकामी झाली. मराठवाड्यातली एक मुलगी आली, अजून तिथे आहे. तिला सोडायला मी एकटीच गेले होते.

भाचा दिवाळीला येतो, पाया पडतो. बहीण फोनवर छाटणीचं, औषध फवारणीचं सांगते, मी ऐकते. यजमानांशी संसार चालू आहे. फक्त कार्यालयातलं काही आता मी घरी सांगत नाही, आणि तेही विचारत नाहीत.