नापास करा, साहेब

भीमसिंग राठोडाला राग यायला कारण लागत नाही, असं फुलसावंगीच्या बाजारात कोणीही सांगेल. साफ खोटं. कारण लागतं, आणि ते त्याच्यापाशी कायम तयार असतं. तूर मोजताना काटेवाल्यानं हळूच बोट टेकवलं, की हा भडकला. पंगतीत वाढपी ओळखीच्यांकडे आधी वळला, की हा ताटावरून उठला. घरात सगळे बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बोलतात, पण भीमसिंग चिडला की थेट वऱ्हाडीत घुसतो. त्याच्या तोंडून पहिलं ‘काहून बे’ निघालं, की त्याची बायको जमनी चुलीवरचं भांडं मुकाट खाली उतरवते.

या वर्षी मात्र त्याच्या रागानं घरात मुक्कामच ठोकला होता. कारण होती मोटारसायकल. मुलगा सुनील शाळेत असताना घेतलेली ती गाडी आता पंधरा वर्षांची झाली होती. रोज सकाळी सुनील त्याच गाडीवर बायकोला, बबिताला, मागे बसवून अन् चिमुकल्या लेकीला पुढे टाकीवर घेऊन फुलसावंगीला निघायचा. बबिता तिथल्या अंगणवाडीत मदतनीस आहे. तांड्यातून निघालं की लगेच उभा उतार, उताराच्या तळाशी वळण, अन् वळणावरच बिनकठड्याचा पूल. गाडीचा मागचा ब्रेक दाबला तर पाय पार शेवटापर्यंत जायचा, अन् गाडी तिला वाटलं तेव्हा थांबायची. पुढचा तर नुसता शोभेला. सुनील दोन्ही पाय जमिनीला घासत तो उतार उतरायचा, आणि पोरीला वाटायचं बाबा खेळून राह्यला.

मिस्त्रीनं स्वच्छ सांगितलं होतं, चाकाच्या आतला ब्रेकचा ड्रम गेला आहे, नुसत्या वायरी ओढून काही व्हायचं नाही, चाकच बदला. पण सुनीलचं एकच पालुपद. पंधरा वर्षांनी आरटीओकडून करायचं रिपासिंग तोंडावर आलंय, आधी ते होऊ द्या. गाडी नापास झाली तर दुसऱ्याच दिवशी चाक बदलतो. पास झाली, तर बिघडलेली नाहीच म्हणायची!

आता तांड्यात पासिंगची एक न्यारीच रीत होती. बहुतेकांच्या गाड्या एकाच कंपनीच्या. म्हणून तांड्याचा प्रमुख, नायक रामसिंग, याच्या ओसरीत सगळ्यांनी मिळून एक चांगलं चाक, दोन आरसे अन् एक हॉर्न ठेवलेला. ज्याची गाडी तपासणीला जायची, त्यानं ते सामान न्यायचं, गाडीला चढवायचं, पास करून आणायची, अन् संध्याकाळी सगळं उतरवून परत द्यायचं. लग्नातला उसना दागिना फिरावा तसं ते चाक तांडाभर फिरलं होतं, आणि एकाही माणसाला त्यात वावगं वाटत नव्हतं. नवरीला नटवून बसवतो, दुसऱ्या दिवशी दागिना परत देतो, त्यात फसवणूक कसली?

रामसिंग स्वतः चाक घेऊन दारात आला, तेव्हा भीमसिंगच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चाक परत ने म्हणाला. गाडी त्याच्या नावावर होती, तपासणीला त्यालाच जायचं होतं, आणि त्यानं मनाशी पक्कं ठरवलं होतं, गाडी आहे तशी न्यायची अन् नापास करून आणायची. पंधरा वर्षं कापूस, बी-बियाणं, बिमार माणसं वाहिलेल्या गाडीला नापास करून आणायला निघालेला तो पहिलाच इसम असावा. रामसिंग म्हणे, भीमसिंग, तुझं डोकं फिरलं.

आरटीओचा तपासणी कॅम्प एका मैदानात लागला होता. शंभरेक गाड्या रांगेत, मंडपात टेबल, टेबलामागे साहेब. एक माणूस नंबरप्लेटचा फोटो काढायचा, दुसरा खाली वाकून चेसिसचा आकडा वाचायचा, अन् पुढची गाडी. ब्रेकला कोणी बोट लावत नव्हतं. टायर गुळगुळीत का खरबरीत, इकडे कोणाची नजरच नव्हती. इतकी वर्षं तांडा ते चाक चढवत-उतरवत बसला, आणि हे लोक चाकाकडे बघतसुद्धा नव्हते! भीमसिंगच्या डोक्यात तिडीक उठली.

तो गाडी रांगेतून काढून सरळ मंडपात घुसला.

“साहेब, हिचा ब्रेक लागत नाई. नापास करा.”

मागून हशा पिकला. साहेबानं मान वर न करता विचारलं, गाडी घरून चालवतच आणली ना? मग चालते की.

“चालते हे मले मालूम हाय. थांबत नाई, म्हणून आलो.”

साहेबानं पहिल्यांदा वर पाहिलं, हसला, अन् म्हणाला, “काका, लोक पास करा म्हणून पाया पडतात. घरी जा निवांत.” शिपायानं दंडाला धरून भीमसिंगला बाजूला केलं. गाडी पास झाली.

तांड्यात दिवाळी. उसन्या चाकाविना पास झाली म्हणजे आता कोणालाच चाक लागणार नाही, म्हणून रामसिंग खूश. सुनील तर छाती काढूनच फिरत होता. सरकारनं पास केली बा, आता तुमचं काय, असं तो जेवताना म्हणाला. भीमसिंग ताटावरून उठला, पण एक शब्द बोलला नाही. जमनी घाबरली ती त्यामुळेच.

सकाळी सुनीलनं गाडी काढली, पोरीला टाकीवर बसवलं, बबिता मागे बसली. उताराच्या तोंडाशी आला तर खाली पुलाच्या मधोमध बाप उभा.

“ये खाली,” भीमसिंग ओरडला. “पास गाडी हाय ना तुयी? ये, अन् मायाजवळ येऊन थांबव. पाय टेकवायचा नाई.”

सुनील म्हणाला, बाजूला व्हा. भीमसिंग हलला नाही. सुनीलनं हॉर्न दिला, मग शिवी दिली, मग विनवणी केली. इंजिन चालूच होतं अन् गाडी तिथंच होती. तेवढ्यात बबिता मागून उतरली. तिनं पदर सारखा केला, टाकीवरून पोरीला उचलून कडेवर घेतलं.

“आमी उतरलो,” ती नवऱ्याला म्हणाली. “आता जा.”

सुनीलनं चावी फिरवून इंजिन बंद केलं. गाडीवरून उतरून तो ती हातानं धरून खाली आणू लागला. अर्ध्या उतारावर गाडीनंच त्याला ओढायला सुरुवात केली. त्यानं ब्रेक आवळला, दाबला, टाचा रोवल्या. बापाला त्यानं दोनदा हाक मारली. भीमसिंग होता तिथंच होता. चाक येऊन त्याच्या नडगीवर आदळलं, कपडा फाटला, रक्त आलं, आणि तेव्हा कुठे गाडी थांबली.

दोघं समोरासमोर उभे राहिले. सुनीलला मान वर करवेना. बबिता पोरीला घेऊन त्यांच्या बाजूनं पूल ओलांडून गेली आणि फुलसावंगीच्या वाटेला पायीच लागली.