आक्कांच्या दुर्बिणीतली रेघ

आमच्या घरमालकीण आक्कांनी मला सोलापुरात डोक्यावर छप्पर दिलं, हे आधीच सांगून ठेवते. पुढचं ऐकून त्यांच्याबद्दल कुणाचं भलतं मत व्हायला नको. माणसाला इतकं सांभाळणारी आणि इतकं दचकवणारी दुसरी बाई अख्ख्या जिल्ह्यात नसेल. मी गोंदियाकडची, आठवीतून शाळा सोडलेली. टॉवेलच्या कडा शिवायच्या कामाला ज्या ठेकेदाराने आणलं, तो मला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत सोडून आठवड्याभरात गायब झाला. काम राहिलं, पण राहायची जागा गेली, आणि एकट्या पोरीला खोली द्यायला कुणी तयार होईना. शेवटी एका दारावर थाप मारली. आतून खट् असा आवाज आला आणि साठी उलटलेल्या, दोन्ही नाकपुड्यांत चमकी घातलेल्या बाईंनी बंदूक काखेत धरूनच दार उघडलं. मी एक पायरी मागे सरले. "जेवलीस का?" त्यांनी विचारलं. मी खोटंच हो म्हणाले. "दिसतंय की तोंडावर," म्हणाल्या आणि मला आत ओढलं.

ती छऱ्याची एअर रायफल होती, हे मला जेवण झाल्यावर कळलं. घराला लागून त्यांच्या यजमानांची यंत्रमागाची लांबलचक शेड होती. यजमान गेले, माग भंगारात गेले आणि आक्कांना शांततेचा त्रास सुरू झाला. "जलमभर खटखट ऐकलेला कान हाय माझा. गप्प घरात झोप कशी लागंल?" डॉक्टरांनी झोपेचं औषध लिहून दिलं, आक्कांनी बंदूक आणली. नेम धरायचा तो कडक भाकरीवर. आमचा मुलूख भाताचा. पापडासारखी मोडणारी ज्वारीची भाकरी मी इथेच पहिल्यांदा पाहिली, आणि तीही दोरीला टांगलेली. शेडच्या टोकाला खराब टॉवेलांची गाठोडी रचलेली, त्यांच्यापुढे भाकऱ्या. खट्, की भाकरीचे तुकडे. अन्नावर गोळी झाडतात हे बघून मी कानाला हात लावले. आक्का म्हणाल्या, "बाटलीचं टोपण फोडून कुणाचं पोट भरतंय? हितं चिमण्या तरी जेवतात." आणि खरंच, संध्याकाळ झाली की चिमण्या खिडकीत ओळीने बसून खट्‌ची वाट बघत. भाकरीवाली बाई विचारायची, "जाड देऊ का पातळ?" आक्कांचं उत्तर ठरलेलं: "खायला जाड, मारायला पातळ."

पण खरं वेड बंदुकीचं नव्हतं, तिच्यावरच्या दुर्बिणीचं होतं. त्यांच्याकडे दोन होत्या. दोन्हींत एक उभी-आडवी रेघ, आणि उभ्या रेघेवर खाली बारीक खुणा. लांब जाताना छर्रा खाली झुकतो, म्हणून लांबच्या भाकरीवर मधली रेघ न धरता खालची खूण धरायची. इथपर्यंत मला कळलं, पुढचं कळायला पावसाळा उलटला. एक दुर्बीण फर्स्ट फोकल प्लेनची: नळीवरचं आकड्यांचं कडं फिरवून चित्र मोठं केलं की रेघा-खुणाही मोठ्या होतात, म्हणून खूण कायम खरी. दुसरी सेकंड फोकल प्लेनची: चित्र वाढतं, रेघ तेवढीच राहते, म्हणून खुणा कड्याच्या एकाच आकड्यावर खऱ्या, बाकी आकड्यांवर खोट्या. "पयली म्हंजे टॉवेलात विणलेलं फूल," आक्का सांगत. "टॉवेल डोळ्याजवळ आण, फूलबी मोठं. दुसरी म्हंजे चष्म्याला चिकटवलेली टिकली. कुटंबी बघ, टिकली तेवढीच." विणलेलीवर त्यांची श्रद्धा, टिकलीवर राग. खांद्यावर सिलिंडर घेऊन आलेल्या माणसालाही दारात अडवून त्यांनी विचारलं होतं, "तू कुटली घेशील?" तो म्हणाला, "आक्का, आधी हे खाली ठेवू का?" तो गेल्यावर आक्का म्हणाल्या, "टिकलीवाला दिसतोय."

त्यांचा मुलगा पुण्याला असतो. त्याचं म्हणणं एकच: अम्माची नजर गेली, तिने पुण्याला यावं, घर आणि शेड विकून टाकावी. त्याचा फोन आला की दुसऱ्या दिवशी कामावर माझ्या मशीनवर टॉवेलची कडा वाकडी जायची. घर विकलं तर मी कुठे जाणार? एकदा आक्का फोनवर म्हणाल्या, "रविवारी ये. पाच भाकऱ्या टांग. पाची फोडल्या तर वर्षभर पुण्याचं नाव काढायचं न्हाई. एक जरी राहिली तर मी पिशवी भरते."

शनिवारी कामावरून आले, तर बंदुकीवर टिकलीवाली दुर्बीण चढवलेली. माळकऱ्याच्या ताटात मटण दिसावं तशी मी बघत राहिले. "आक्का, हे काय?" त्यांनी विणलेली माझ्या हातात दिली. "कडं खालच्या आकड्यावर आण. रेघ दिसतीय?" चित्र लहान झालं तशी रेघही केसासारखी बारीक झाली होती. "दिसते की," मी म्हणाले. "मला न्हाई दिसत. दिवाळीपासनं." जवळच्या भाकरीला कडं खालीच लागतं, नाहीतर सगळं धूसर, आणि तिथेच विणलेलीची रेघ त्यांच्या डोळ्यांतून पुसली गेली होती. मोतीबिंदू असता तर काढता आला असता; हे डोळ्याच्या मागच्या पडद्याचं दुखणं, त्याला इलाज नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं. टिकलीची रेघ कायम जाड, तेवढी दिसायची. ज्या विणलेलीसाठी त्या दारात येईल त्याच्याशी वाद घालत होत्या, तिच्यातली रेघच त्यांना दिसत नव्हती.

कड्यावरचे आकडेही त्यांना वाचता येईनात. मी शिलाईचा लाल दोरा कड्याला गुंडाळला आणि गाठ अशी मारली, की खुणा खऱ्या होतात त्या आकड्यावर ती बरोबर वर येऊन अंगठ्याला लागावी.

रविवारी मुलाने स्वतः भाकऱ्या टांगल्या, दोन जवळ, तीन लांब. जवळच्या दोन्ही फुटल्या. आक्कांनी गाठ वर घेतली, लांबच्याही दोन फुटल्या. तेवढ्यात तो म्हणाला, "थांब अम्मा, मला बघू दे." बघता बघता त्याने कडं फिरवलं आणि बंदूक परत दिली. बोलावं तर त्याला सगळं कळणार, न बोलावं तर खूण खोटी ठरून छर्रा भाकरीच्या डोक्यावरून जाणार. आक्कांनी गाल टेकवला. अंगठा गाठीच्या जागी गेला आणि थांबला.

"हात लावलास व्हय रं?"

"जरा फिरवलं. सगळं एकदम दिसावं म्हणून."

"बापासारखाच हाय. चालू मागाला हात लावतोय." अंगठ्याने कडं फिरवत त्यांनी गाठ वर आणली. खट्.

मुलगा त्या रिकाम्या दोरीपाशी गेला. मग खाली पडलेला तुकडा उचलून फुंकर मारून तोंडात टाकत म्हणाला, "दिसतंय की तुला." आक्का म्हणाल्या, "मग? चटणी घे तिच्यासंगं." मी आत जाऊन चटणीचा डबा शोधत राहिले, तो समोरच होता, पण मला काही दिसत नव्हतं.

विणलेली दुर्बीण आता टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवली आहे. कधीकधी आक्का ती काढतात, काच पुसतात, डोळ्याला मात्र लावत नाहीत. एक दिवस जाड रेघही पुसट होईल, हे त्यांना माहीत आहे आणि मलाही. त्या दिवसापासून मी कामावरून सुटले की त्यांच्या खांद्याशी बसेन आणि सांगत जाईन, आक्का, जरा डावीकडे, अजून वर, हां, आता. मला दार उघडताना त्यांनी माझं गाव विचारलं नव्हतं. त्याची फेड म्हणून त्या घरातला खट् आवाज मी थांबू देणार नाही.